तलवारीचा ऑर्डर फॉर्म कसा भरायचा: पहिली फेडर घेणाऱ्यांसाठी

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी मेसेज येतोच, "ताई, क्लबला येऊन सहा महिने झाले, आता स्वतःची तलवार मागवायचीय, जरा बघ ना कुठे काय टिक करू", आणि खाली स्क्रीनशॉट. त्यात पात्याची लांबी, मुठीची लांबी, पॉमेलचा (म्हणजे मुठीच्या शेवटी असतो त्या धातूच्या गोळ्याचा) आकार, क्रॉस सरळ की वाकडा, अणी कसली, चामडं कुठल्या रंगाचं, असे पंधरा-वीस रकाने. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

मी मूळची कोल्हापूरची. गल्लीत मर्दानी खेळाचा आखाडा होता, तिथे लाठी आणि फरी-गदका थोडाफार केलेला, मग शिक्षण, नोकरी, आणि आता बरीच वर्षं श्टुटगार्टला. इथे आल्यावर ऑफिस आणि घर सोडून हात-पाय हलवायला काहीतरी हवं म्हणून शोधता शोधता हेमाचा क्लब सापडला. हेमा म्हणजे हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स, पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या उस्तादांनी लिहून ठेवलेली तलवारबाजी पुस्तकं वाचून परत उभी करायची आणि मग एकमेकांवर करून बघायची. फोनवर "हेमाला चाललेय" म्हणायचे तर आईला वर्षभर वाटत होतं हेमा नावाची कुणी मैत्रीण आहे, एकदा तर म्हणाली तिला पण दिवाळीला बोलव.

इथे जे सांगतेय ते फक्त दोन हाती लाँगस्वर्डच्या सरावाच्या तलवारीबद्दल, जिला फेडर म्हणतात. रेपियर, सेबर वगैरेंचं गणित वेगळं.

फेडर कशी असते ते आधी डोळ्यासमोर आणा. धार नाही, कडा दीड-दोन मिलिमीटर जाड आणि गोल केलेल्या. पातं अरुंद, टोकाकडे पातळ होत जाणारं, म्हणजे भोसकलं की पातं कमानीसारखं वाकतं आणि समोरच्याच्या बरगड्या वाचतात. आणि मुठीच्या आडव्या दांड्याच्या, म्हणजे क्रॉसच्या, लगेच पुढे पातं दोन्ही बाजूंना कानासारखं पसरतं, त्याला शिल्ट म्हणतात. पातं अरुंद केल्यामुळे पुढचं वजन गेलं, ते मागे हाताजवळ आणून ठेवायचं काम शिल्ट करतं, त्यामुळे तलवार हातात खऱ्यासारखी वाटते. हे आजच्या कंपन्यांचं डोकं नाही बरं का, योआखिम मायरचं पुस्तक १५७० साली स्ट्रासबुर्गला छापलं गेलं त्यातल्या चित्रांमध्ये लोक अशाच तलवारी घेऊन उभे आहेत. श्टुटगार्टहून स्ट्रासबुर्ग म्हणजे कोल्हापूर-सोलापूरपेक्षा जवळ, मी मुद्दाम जाऊन आले, आता तिथे मस्त कॅथेड्रल आणि केकची दुकानं आहेत, तलवारबाज कोणी दिसला नाही.

आधी पैसे कुठे घालायचे

पहिली पायरी म्हणजे फॉर्म बंद करा. खरंच. मास्क, गळ्याचं संरक्षण आणि जाड हातमोजे हे तिन्ही स्वतःचं आहे का? नसेल तर तलवार नंतर. क्लबची तलवार उधार मिळते, क्लबचे हातमोजे पण मिळतात पण ते दहा जणांच्या घामात भिजलेले असतात आणि तुमच्या बोटांच्या मापाचे नसतात, आणि लाँगस्वर्डमध्ये सगळ्यात जास्त मार बोटांना बसतो. चांगले जाड हातमोजे साधारण दीडशे ते अडीचशे युरोला पडतात, फेडर तीनशे ते साडेचारशेला. सगळं एकदम जमणार नसेल तर हातमोजे पहिले. याचं अजून एक कारण आहे, मुठीचं माप हातमोजे घालूनच घ्यावं लागतं, ते पुढे सांगते.

मग क्लबमध्ये जेवढ्या तलवारी असतील तेवढ्या हातात घ्या. लोक आनंदाने देतात, स्वतःच्या तलवारीबद्दल बोलायला कोणाला आवडत नाही. प्रत्येकीने किमान दहा मिनिटं ड्रिल करा आणि फोनमध्ये लिहून ठेवा: कोणाची, कुठल्या मेकरची, एकूण लांबी, वजन, आणि हातात कशी वाटली. "भारी वाटली" असं लिहू नका, "वरून खाली वार मारल्यावर थांबवायला त्रास झाला" असं लिहा. आठ-दहा नोंदी झाल्या की आपलं आपल्यालाच कळायला लागतं की आपल्याला काय सोसत नाही. मी हे केलं नव्हतं, त्याची गोष्ट लगेच येतेच आहे.

लांबी

बाजारात साधारण १२० पासून १४० सेंटीमीटरपर्यंत फेडर मिळतात. फिलिप्पो वादी नावाचा एक इटालियन उस्ताद होता, त्याने १४८० च्या दशकात उर्बिनोच्या ड्यूकसाठी पुस्तक लिहिलं, त्यात तो सांगतो की तलवार जमिनीवर उभी धरली की पॉमेल काखेखाली आलं पाहिजे. मायरच्या चित्रांतल्या तलवारी बघितल्या तर जरा लांब वाटतात. आजचे लोक काखेपासून हनुवटीपर्यंत कुठेही घेतात. माझं मत विचाराल तर पहिली तलवार काखेच्या जवळपास, फार तर चार बोटं वर.

माझी उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटीमीटर. क्लबमध्ये सगळे सहा फुटी जर्मन, सगळ्यांकडे १३० च्या वरच्या तलवारी, तर मी पण फॉर्मवर १३२ टाकले, कारण डोक्यात एकच गणित, माझे हात आखूड तर तलवार लांब घेऊन भरून काढू. तीन महिने वाट बघून तलवार आली आणि पहिल्याच दिवशी कळलं. अल्बर म्हणून एक पवित्रा आहे, त्यात तलवारीची अणी खाली पुढे सोडून उभं राहायचं, तर माझी अणी सारखी लाकडी फ्लोअरला घासायची आणि ट्रेनर दर वेळी फ्लोअरकडे बघायचा, माझ्याकडे नाही. तलवार एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवताना पॉमेल माझ्याच मनगटाच्या आतल्या बाजूला आपटायचं, तिथे कायम निळं. आणि जवळ भिडल्यावर, जिथे बुटक्या माणसाचा फायदा असतो, तिथेच ती लांबी अडगळ व्हायची. पाच महिन्यांनी एका साडेसहा फुटी पोराला शंभर युरो नुकसानीत विकली. तो खूश, मी शहाणी.

लांबीच्या रकान्यात एक भानगड असते, काही मेकर एकूण लांबी लिहितात आणि काही फक्त पात्याची. पातं साधारण ९० ते १०५, त्यात मूठ आणि पॉमेल धरून तीस-पस्तीस सेंटीमीटर मिळवा. ऑर्डर करताना दोन्ही आकडे ईमेलमध्ये लिहून विचारा, "एकूण अमुक, त्यातलं पातं तमुक, बरोबर ना?"

आणि स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर त्या स्पर्धेची नियमावली आधी वाचा, कमाल लांबी बहुतेकांत दिलेली असते.

मूठ, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही

लोक पात्यावर तासभर चर्चा करतात आणि मुठीला स्टँडर्ड टिक करून मोकळे होतात. उलटं करा. पात्याशी तुमचा संबंध येत नाही, तो समोरच्याचा येतो. तुमचा संबंध मुठीशी.

घरी करायचा प्रयोग सांगते. झाडूचा किंवा मॉपचा दांडा घ्या. तुमचे स्वतःचे जाड हातमोजे घाला, हो, तेच ते, उधारीचे नाहीत. उजवा हात वर, डावा खाली, मध्ये दोन बोटांची फट ठेवून दांडा धरा. दुसऱ्या कोणाला तरी मार्करने उजव्या हाताच्या वर आणि डाव्या हाताच्या खाली खूण करायला सांगा, कारण ते हातमोजे घालून तुम्हाला मार्कर धरता येणार नाही. आता टेपने मोजा. माझं आलं २३ सेंटीमीटर. पॉमेल त्याच्या खाली वेगळं. काही जण डाव्या हाताची शेवटची दोन बोटं पॉमेलवर ठेवतात, तसं करत असाल तर दोन सेंटीमीटर कमी चालतील. मात्र मूठ फार लांबही नको, कारण लांब मूठ म्हणजे हात फिरवताना पॉमेल हाताला लागणार, आणि लांब मूठ छोटं पातं असं केलं तर तलवार हातात घेतल्यावर वल्ह्यासारखी वाटते.

जाडीसाठी त्याच दांड्यावर जुन्या साडीची किंवा कॉटनच्या ओढणीची पट्टी गुंडाळत जा आणि हातमोजा घालून धरून बघत जा, जिथे बरं वाटेल तिथे थांबा आणि दोऱ्याने घेर मोजा. हा घेर मेकरला लिहून पाठवा. आपल्या बायकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे कारण बऱ्याच स्टँडर्ड मुठी मोठ्या पुरुषी पंजाच्या मापाने केलेल्या असतात, हातमोज्यासकट पंजा बंदच होत नाही, मग पकड घट्ट करायला मनगट आवळलं जातं, आणि दोन महिन्यांत कोपर दुखायला लागतं. मला हे डॉक्टरकडे जाऊन कळलं, तुम्ही झाडूवरून शिका.

मुठीचा छेद गोल घेऊ नका. अंडाकृती घ्या किंवा किंचित चपट्या बाजूंचा. डोळे मिटून धरली तरी पात्याची कड कुठल्या दिशेला आहे ते हाताला कळलं पाहिजे, नाहीतर वार चपटा पडतो, थाप मारल्यासारखा. वेष्टन म्हणाल तर दोरी गुंडाळून त्यावर पातळ चामडं हे सगळ्यात टिकाऊ, पकडही चांगली. नुसती दोरी पण चालते, स्वस्त असते, घामाने वास मारते.

वजन आणि तोल

सिनेमे बघून लोकांना वाटतं युरोपियन तलवार म्हणजे दहा किलोचं धूड. फेडर साधारण १.३ ते १.७ किलो भरते, दीड लिटरची पाण्याची बाटली उचला म्हणजे अंदाज येईल. पण वजनापेक्षा तोल बघा. पातं आडवं बोटावर ठेवा, सरकवत सरकवत जिथे स्थिर राहील ती जागा क्रॉसपासून किती लांब ते मोजा. पाच-सहा सेंटीमीटरवर तोल असेल तर अणी चपळ फिरते पण बाइंडमध्ये, म्हणजे पात्याला पातं भिडून दाबादाबी चालते तिथे, पुढे काही वजनच नाही असं वाटतं आणि समोरचा सहज ढकलून देतो. नऊ-दहावर असेल तर वार दणकट पण थांबवताना मनगटावर येतं. नवीन माणसाला सात-आठच्या आसपास आणि १.४ ते १.५ किलो, यात सहसा कोणी पस्तावत नाही.

"हलकी घेते म्हणजे समोरच्याला लागणार नाही" हे मी पण म्हणायचे. हलकी तलवार वेगात जाते आणि थांबवायची सवय लागत नाही, मग लागतंच. लागणं न लागणं हातावर आहे.

लवचिकपणा आणि अणी: इथे काटकसर नको

हे दोन रकाने तुमच्यासाठी नाहीत, तुमच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी आहेत, म्हणून इथे आवडनिवड बाजूला.

लवचिकपणा मोजायची देशी पद्धत अशी: बाथरूममधला वजनकाटा जमिनीवर, त्यावर फडकं, त्यावर अणी टेकवून तलवार उभी धरायची आणि वरून सरळ खाली दाबायचं. आकडा वाढत जातो, आणि एका क्षणी पातं कमानीत वाकतं, मग कितीही दाबलं तरी आकडा फारसा वाढत नाही. तो आकडा म्हणजे भोसकल्यावर समोरच्याला साधारण किती दाब जाणार. दहा ते पंधरा किलोच्या दरम्यान बहुतेक क्लब खूश असतात, त्याच्या वर गेलं की लोक तुमच्याशी खेळायचं टाळायला लागतात आणि तोंडावर सांगत पण नाहीत. फॉर्मवर सॉफ्ट, मीडियम, हार्ड असं लिहिलेलं असेल तर किलोमध्ये किती ते विचारा, एकाचं मीडियम दुसऱ्याचं हार्ड असतं.

फार मऊ पण नको. आमच्या क्लबमध्ये एकाकडे सहा-सात किलोवाली आहे, वेताच्या ओल्या छडीसारखी डुगडुगते. त्याने वार केला, मी व्यवस्थित अडवला, तरी पात्याचं टोक माझ्या तलवारीवरून पुढे वळून मास्कच्या मागच्या बाजूला टपकन लागलं. त्यात चूक त्याची नाही, पात्याची.

अणीचे साधारण तीन प्रकार दिसतात. एक, टोक चपटं करून मागे गुंडाळलेलं, पापडाची सुरळी असते तसं. दोन, पळीसारखं पसरट. तीन, नुसतं गोल केलेलं सरळ टोक. पहिलं किंवा दुसरं घ्या, तिसऱ्याने मास्कच्या जाळीवर एकाच जागी दाब एकवटतो म्हणून बऱ्याच ठिकाणी चालवूनच घेत नाहीत. गुंडाळलेल्या अणीची बाहेरची बाजू रुंद आणि गुळगुळीत आहे ना ते फोटो मागवून बघा. वरून रबराची टोपी बसते का तेही विचारा, आणि टोपी लावली की तिच्यावर भडक केशरी किंवा पिवळी टेप गुंडाळा, म्हणजे खेळताखेळता टोपी उडाली तर दोघांनाही लगेच दिसतं. काळी टोपी काळ्या टेपने लावून हिंडणारे लोक आहेत, त्यांना काय म्हणावं.

पोलादाबद्दल फार विचार करायची गरज नाही, बहुतेक चांगले मेकर ५१सीआरव्ही४ किंवा त्याच जातीचं स्प्रिंग स्टील वापरतात. आपल्याकडे ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद असतं ना, त्याच घराण्यातलं. वाकतं, परत सरळ होतं. एक गोष्ट मात्र कधीच नको, शोभेची स्टेनलेसची तलवार. भिंतीवर छान दिसते, दुसऱ्या तलवारीवर आपटली की तुकडा उडतो.

क्रॉस, रिंग, शिल्ट

क्रॉसची रुंदी २२ ते २६ सेंटीमीटर ठीक. टोकं गोल किंवा गुंडीसारखी असू द्यात. जवळ भिडल्यावर ती कोणाच्या तरी मास्कवर नाहीतर बोटांवर जातातच. किंचित पात्याकडे झुकलेला क्रॉस दिसायला देखणा, वापरात फरक मला तरी जाणवला नाही.

क्रॉसच्या बाजूला कडं लावून मिळतं, त्या रिंगबद्दल मात्र विचार करून ठरवा. जर्मन पद्धतीत आडवा डोक्यावरून फिरवायचा वार आहे, त्स्वेर्खहाउ, त्यात अंगठा मुठीवरून पुढे सरकवून पात्याच्या चपट्या बाजूवर, शिल्टवर टेकवतात. रिंग अंगठ्याला वाचवते ही जमेची बाजू. पण जाड हातमोज्याचा अंगठा रिंगमध्ये मावला पाहिजे. माझ्या मैत्रिणीने छोटी रिंग घेतली, अंगठा आत जायचा पण पटकन बाहेर यायचा नाही, भर स्पारिंगमध्ये ती तलवार सोडायला बघतेय आणि तलवार तिला सोडत नाही. हातमोज्याच्या अंगठ्याचा घेर मोजा आणि मेकरला कळवा. रिंग एकाच बाजूला असेल तर डावखुरे आहात का उजवे ते ठळक लिहा. पहिली तलवार बिनरिंगची घेतलीत तरी काही बिघडत नाही, चांगला हातमोजा असेल तर.

शिल्टच्या आकाराचे दहा नखरे फॉर्मवर असतात. टोकदार कान असलेला नको, अंगठ्याला आणि समोरच्याच्या कपड्याला अडकतो. बाकी कुठलाही.

पॉमेल आणि ते कसं बसवलंय

आकार म्हणाल तर नासपतीसारखं निमुळतं घ्या, हात त्यावर सरकतो. चाकासारखं गोल चपटं देखणं दिसतं पण ज्यांचा डावा हात पॉमेलवर जातो त्यांच्या तळव्यात त्याची कड रुतते.

बसवायच्या दोन पद्धती. एकात पात्याची मागची शेपटी पॉमेलमधून बाहेर काढून हातोडीने ठोकून रिव्हेट करतात. घट्ट, खडखड नाही, पण परत उघडत नाही. दुसऱ्यात मागून नट किंवा स्क्रू. हा खेळताखेळता सैल होतो, दर आठवड्याला पाना लावून बघावा लागतो, थ्रेडवर चिकटवायचं लॉकटाइटसारखं काहीतरी लागतं. पण पातं मोडलं तर फक्त पातं मागवता येतं. आणि पातं मोडतं, कधी ना कधी, ते खर्ची पडणारी वस्तू म्हणूनच धरायचं. वर्षाला किती खेळता त्यावर ठरवा. आठवड्यातून एकदा जात असाल तर रिव्हेट, चार-चार दिवस आणि वर स्पर्धा असतील तर स्क्रू.

रंग, नक्षी आणि आमचं देवनागरी प्रकरण

चामड्याचा रंग काहीही घ्या, वर्षभरात सगळे काळपट तपकिरी होतात. पांढरं घेतलेल्या एकाची मूठ आता चहाच्या गाळणीसारखी दिसते.

कोरून घ्यायचं असेल तर पात्यावर खोल खोदकाम नको, तिथूनच भेग सुरू व्हायची भीती. हलकं एचिंग किंवा लेसर, आणि शक्यतो शिल्टवर किंवा पॉमेलवर. दुसरी तलवार घेताना मला हौस आली, शिल्टवर मराठीत "शक्ती" लिहून घ्यायचं. ईमेलमध्ये टाइप करून पाठवलं, मेकरने पण आनंदाने हो म्हटलं. तलवार आली तर जोडाक्षर फुटलेलं, शक् आणि ती सुटे सुटे, मध्ये पाय मोडलेला क. त्या बिचाऱ्याच्या सॉफ्टवेअरला आपली जोडाक्षरं कळत नाहीत, त्याला ते बरोबरच दिसलं असणार. तर मराठीत काही कोरायचं असेल तर टाइप केलेला मजकूर पाठवायचाच नाही, अक्षरांचं चित्र करून पीडीएफ किंवा व्हेक्टर फाइल पाठवायची आणि "हे असंच्या असं" लिहून त्याच्याकडून कच्चा फोटो मागायचा. ज्यांच्या नावात र्‍हस्व वेलांटी आहे त्यांनी तर नक्कीच.

क्लबमधल्या कोणी विचारलं की भारतीय बाईला युरोपियन तलवार कशाला, तर त्यांना फिरंग सांगते. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इतर युरोपियन व्यापाऱ्यांकडून पाती यायची आणि आपले कारागीर त्याला आपल्या पद्धतीची, परज असलेली मूठ बसवायचे, म्हणून नावच फिरंग. पातं त्यांचं, मूठ आपल्या हाताच्या मापाची. मी फॉर्मवर तेच तर करतेय.

कुठून, किती दिवसांत, आणि कस्टम्स

हंगेरीची रेगेन्येई, पोलंडची एन्सिफर, झेकमधला पावेल मोत्स, अमेरिकेत कॅस्टिल आणि अल्बियन, ही नावं क्लबमध्ये सारखी कानावर पडतील. कोणाचं चांगलं यावर मी भांडणार नाही, तुमच्या फोनमधल्या नोंदीच बघा. जर्मनीत राहत असाल तर हंगेरी-पोलंड-झेकहून मागवलेल्या मालावर कस्टम्स नाही, अमेरिका, ब्रिटनहून आलं तर लागतं, ते किमतीत धरा. कस्टम ऑर्डरला काही आठवडे ते काही महिने लागतात. स्पर्धा पुढच्या महिन्यात असेल तर तयार स्टॉकमधली किंवा सेकंडहँड बघा, सेकंडहँड फेडर ही लाजायची गोष्ट नाही.

भारतात मागवणाऱ्यांसाठी: तलवार म्हटली की आर्म्स ॲक्ट १९५९ येतो, आणि "साहेब, ही बोथट आहे" हे कस्टम्सच्या माणसाला समजावायचं काम तुमच्यावर पडतं. पार्सल निघायच्या आधी चौकशी करा, अडकल्यावर नाही. देहरादूनची विंडलास कंपनी १९४३ पासून जगभरासाठी तलवारी बनवते, तेव्हा युरोपकडेच बघायला पाहिजे असं नाही. पण घेताना तेच सगळं विचारा, किती किलोला वाकते, अणी कसली, कडा किती जाड. आणि पहिलं वर्ष नायलॉनच्या तलवारीवर काढलंत तरी खेळ तितकाच शिकता येतो.

ने-आण करताना बंद बॅग, चेन लावलेली, जमलं तर छोटं कुलूप. विमानात फक्त चेक-इनमध्ये. इथल्या लोकलमध्ये, एस-बानमध्ये, मला आजवर मासेमारीची काठी, योगा मॅट आणि एकदा तंबोरा एवढं विचारून झालंय.

पार्सल आल्यावर

लगेच क्लबला पळू नका. आधी किचनच्या काट्यावर वजन, टेपने लांबी, बोटावर तोल, बाथरूमच्या काट्यावर दाब, चारही आकडे ऑर्डरशी जुळवून लिहून ठेवा. मग पॉमेलकडून एक डोळा मिटून पात्यावरून अणीकडे बघा, सुतार फळी बघतो तसं, बाक आहे का. अणी टेकवून एकदा उजवीकडे एकदा डावीकडे वाकवा, सोडल्यावर सरळ परत आली पाहिजे. हातात धरून मुठीवर तळहाताने थाप मारा, खडखड ऐकू आली तर काहीतरी सैल आहे. कडांवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवा, जिथे अडकेल तिथे कंगोरा आहे. काही चुकलं असेल तर फोटो काढून त्याच दिवशी मेकरला पाठवा, एकदा तलवारीवर तलवार आपटली की मग कोण ऐकतंय.

आणि घरात कानस, पॉलिश पेपर आणि शिलाई मशीनचं तेल आणून ठेवा. दर सरावानंतर कडांना बारीक खाचा पडतात आणि त्यांच्या बाजूला टोचरे कंगोरे येतात, ते कानसेने हलकेच पाडायचे, वरून पेपर मारायचा, पुसून तेलाचा हात फिरवायचा. खोबरेल लावू नका, मी लावलं होतं, थंडीत गोठून पात्यावर पांढरा थर बसला आणि ट्रेनरने विचारलं की ही तलवार आहे का पावाला लोणी लावायची सुरी.